लाइट गेली, मशीन उठलं, उधारी गेली : मुद्दाम क्रॅश घडवून फाइल सिस्टम दुरुस्तीची टूल्स कशी तपासायची

गोव्यात ऑक्टोबरचा गडगडाट जूनच्या पावसापेक्षा वाईट. दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमारास एकदम आभाळ फाटतं. फोंड्याला माझ्या मित्राचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. अशाच एका दुपारी दहा मिनिटांत तीनदा लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी चवथीच्या आधी बदलायची होती, ती अर्थातच राहिली होती. तिसऱ्या खेपेनंतर मशीन उठलं, काळ्या पडद्यावर तपासणीच्या ओळी सरकल्या, शेवटी ‘क्लीन’ आलं आणि डेस्कटॉप उघडला. उधारीची फाइल जागेवर होती. आकार शून्य बाइट.

“संगणक म्हणतो सगळं ठीक आहे. मग माझी उधारी कुठे गेली रे?”

उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं. त्याचा हिशेबाचा प्रोग्रॅम फाइल जतन करताना आधी जुनी फाइल रिकामी करायचा आणि मग तिच्यात नवा मजकूर लिहायचा. रिकामी केल्याची नोंद डिस्कवर पोचली, नवा मजकूर मेमरीतच राहिला. शून्य लांबीची फाइल ही फाइल सिस्टमच्या, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, हिशेबात अगदी कायदेशीर वस्तू आहे. दुरुस्तीचं टूल कपाटाचे कप्पे सरळ करतं, कप्प्यात काय ठेवलं होतं ते त्याला ठाऊक नसतं.

तेव्हापासून मी ही टूल्स तपासायचा नाद लावून घेतला. सुरुवातीला नुसता प्लग उपटायचो. त्यातून एक हार्ड डिस्क मेली आणि कळलं काहीच नाही. नवीन माणसाचे असे महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे टिपण.

आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची हे सांगायला नकोच.

सुरू करण्याआधी काय काय हवं

- लिनक्सचं मशीन आणि त्यावर एक व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं सॉफ्टवेअरचं मशीन). रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार फक्त व्हर्च्युअल मशीनच्या आत वापरा.
- वीसेक जीबी मोकळी जागा. प्रतींवर प्रती जमतात.
- ई२एफएसप्रॉग्ज हा संच. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमसाठी लागणारं ई२एफएससीके (हेच दुरुस्तीचं टूल), डीबगएफएस (आतल्या नोंदी हाताने बदलणारं) आणि ई२इमेज (नोंदींची प्रत काढणारं) यातच येतं. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टम तपासायची असेल तर एक्सएफएसप्रॉग्ज.
- डिव्हाइस मॅपर, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधला (गाभ्यातला) डिस्कच्या वर बसणारा थर, त्याची दोन मॉड्यूल्स : डीएम-फ्लेकी आणि डीएम-लॉग-राइट्स.
- एक वही. खरोखरची, कागदाची. क्रॅश घडवणाऱ्या मशीनवरच नोंदी ठेवणारा माणूस मी आरशात पाहिला आहे.
- दुसऱ्या कोणाच्या डिस्कची प्रत वापरणार असाल तर त्याची लेखी परवानगी. ई२इमेज फक्त मेटाडेटा (फाइलींबद्दलच्या नोंदी) उचलतो, फाइलींमधला मजकूर नाही, पण फाइलींची नावं येतात, आणि ‘नाईक-कर्ज-अर्ज’ असं नावही बोलकं असतं. त्याचा ‘-एस’ पर्याय नावं विस्कटून टाकतो. एक्सएफएसचं मेटाडंप हे आपणहून करतं.

१. खेळायची जागा वेगळी करा

खरी डिस्क लागत नाही. ट्रंकेट वापरून ५१२ एमबीची रिकामी फाइल करा, तिच्यावर ईएक्सटी४ बनवा आणि लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाइल) म्हणून माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा. ब्लॉकचा आकार ४०९६ बाइट असा स्वतः सांगा. लहान डिस्कवर तो किती धरायचा हे टूलच्या आवृत्तीप्रमाणे बदलतं आणि पुढची सगळी गणितं त्यावर अवलंबून असतात.

आकार लहानच ठेवा. एकच चाचणी शेकडो वेळा चालवायची आहे, आणि ५१२ एमबीची तपासणी चहा गाळेपर्यंत होते.

सगळं बनवून झालं की अनमाउंट करून फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) वहीत लिहा. मी तिला ‘मूळ’ म्हणतो. मूळ प्रतीवर कधीही काही चालवायचं नाही, अगदी ‘फक्त बघायला’ म्हणूनही नाही.

सापळा : लूपचा क्रमांक दर वेळी एलएसबीएलके चालवून बघून घ्या. मी एकदा सवयीने लूपच्या जागी खऱ्या डिस्कचं नाव टाइप केलं होतं. व्हर्च्युअल मशीनच्या आत होतो म्हणून निभावलं.

२. क्रॅशमध्ये नेमकं काय हरवतं ते समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चुकीची गोष्ट तपासत बसतात.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणची फेरी (फेरीबोट) धरणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. घरातून निघालेला माणूस, रांगेतला माणूस, फेरीवर चढलेला माणूस आणि पलीकडे उतरलेला माणूस हे चार वेगळे. प्रोग्रॅमने ‘लिहिलं’ म्हटलं म्हणजे माणूस फक्त घरातून निघाला. मग तो कर्नलच्या पेज कॅशच्या, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याच्या, रांगेत उभा राहतो. सहसा तीस सेकंद जुना झालेला मजकूर लिहायला काढला जातो, आणि ईएक्सटी४ आपलं जर्नल (होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंद) साधारण दर पाच सेकंदांनी पक्कं करते. मग फेरी, म्हणजे डिस्कची स्वतःची कॅश. शेवटी पलीकडचा धक्का. आणि फेरीवर आधी चढलेली गाडी आधीच उतरेल असं नाही, ज्याला जशी वाट मिळेल तसा तो निघतो.

एफसिंक (मजकूर डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबणारी आज्ञा) म्हणजे चोडणहून आलेला फोन : ‘पोचलो’. तो येईपर्यंत धक्क्यावर उभं राहून हात हलवण्याला अर्थ नाही.

आता क्रॅशचे प्रकार बघा. नुसता प्रोग्रॅम मारला तर त्याच्या स्वतःच्या बफरमधलं तेवढं जातं, पेज कॅश शाबूत राहते आणि कर्नल ती लिहून टाकतो. म्हणजे फाइल सिस्टमच्या दृष्टीने हा क्रॅशच नव्हे. व्हर्च्युअल मशीनच मारलं तर आतली पेज कॅश जाते, पण आतल्या कर्नलने बाहेर सोडलेलं सगळं यजमान मशीनकडे सुखरूप राहतं. फेरी बुडत नाही. खरी वीज गेली की डिस्कच्या कॅशमधलंही जातं, तेही कुठलं राहील आणि कुठलं जाईल याचा नेम नाही. दुरुस्तीच्या टूलचा कस लागतो तो या शेवटच्या प्रकारात, आणि प्लग उपटून तो पुन्हा तसाच घडवता येत नाही.

३. काम करणारी स्क्रिप्ट लिहा, आणि तिच्याकडून वचनं घ्या

क्रॅशच्या वेळी फाइल सिस्टमवर काहीतरी चालू हवं. फाइल बनवणं, नाव बदलणं, शेवटी भर घालणं, पुसणं, हार्ड लिंक (त्याच फाइलीला आणखी एक नाव), एवढी कामं पुरतात. फार मोठी स्क्रिप्ट लिहू नका. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतल्या संशोधकांनी क्रॅशमंकी हे साधन वापरून २०१८ मध्ये एक शोधनिबंध मांडला. आधी नोंदवल्या गेलेल्या अशा बहुतेक चुका नव्या कोऱ्या फाइल सिस्टमवर तीन किंवा त्याहून कमी कामांत पुन्हा घडवता येतात, हे त्यांना दिसलं होतं. त्या लहान कामांच्या जोरावर त्यांनी लिनक्सच्या रुळलेल्या फाइल सिस्टम्समध्ये दहा नव्या चुका शोधल्या.

स्क्रिप्टमध्ये मी तीन गोष्टी कटाक्षाने पाळतो.

प्रत्येक फाइलच्या आत तिचं स्वतःचं नाव, क्रमांक आणि चेकसम लिहायचा. दुरुस्तीनंतर ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ (बेवारस फाइलींची डिरेक्टरी) मध्ये नुसत्या आकडी नावाने सापडली तरी ओळखता येते.

एफसिंक परतल्यावरच ‘अमुक फाइल पक्की’ अशी नोंद करायची, आणि ती चाचणीच्या डिस्कबाहेर. हे आपलं वचन. फाइल नवी असेल तर तिच्या डिरेक्टरीलाही एफसिंक करा, नाहीतर मजकूर पोचतो आणि नाव मागे राहू शकतं.

यादृच्छिक आकडे वापरत असाल तर सीड, म्हणजे ते आकडे ज्यापासून सुरू होतात तो आकडा, वहीत लिहा. ‘काल एकदा झालं होतं’ या वाक्यावर जगात कोणी काही दुरुस्त करत नाही.

४. क्रॅश घडवा

सोप्याकडून अवघडाकडे जातो.

*सिसआरक्यू.* व्हर्च्युअल मशीनच्या आत सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलीत ‘बी’ हे अक्षर लिहिलं की मशीन काहीही सिंक न करता तत्क्षणी रीबूट होतं. एका ओळीचं काम आहे, पहिल्या दिवशी हेच करा. यात पेज कॅश जाते, त्यापलीकडे काही नाही.

*शटडाउन.* एक्सएफएस_आयओ मधली शटडाउन ही आज्ञा चालती फाइल सिस्टम मध्येच तोडते. मशीन चालूच राहतं, त्यामुळे एका तासात भरपूर फेऱ्या होतात. नाव एक्सएफएसचं असलं तरी ईएक्सटी४ वरही चालते.

*डीएम-फ्लेकी.* हे डिस्कच्या वर बसतं आणि ठरवलेला वेळ नीट वागून मग दगा देतं. ‘ड्रॉप राइट्स’ दिलं तर त्या काळातलं प्रत्येक लेखन ‘झालं’ म्हणून सांगतं आणि फेकून देतं. खोटं बोलणारी डिस्क कशी असते ते यात दिसतं.

*डीएम-लॉग-राइट्स.* माझं सगळ्यात आवडतं. २०१५ मध्ये लिनक्स ४.१ बरोबर आलं. याला दोन डिव्हाइस लागतात, एक चाचणीचं आणि एक नोंदीचं. चाचणीच्या डिव्हाइसवर होणारं प्रत्येक लेखन ते फ्लशचा (डिस्कला कॅश रिकामी करायला सांगण्याचा) क्रम सांभाळून नोंदीत उतरवतं. नंतर रिप्ले-लॉग या टूलने ती नोंद हव्या त्या क्षणापर्यंत पुन्हा खेळवायची. एकदाच काम चालवायचं आणि त्यातल्या प्रत्येक फ्लशपाशी ‘इथे लाइट गेली असती तर?’ असं विचारायचं. दर टप्प्याला दुरुस्तीचं टूल आपोआप चालवायची सोयही रिप्ले-लॉगमध्ये आहे.

याची खरी ताकद खुणांमध्ये आहे. डीएमसेटअपच्या ‘मेसेज’ने नोंदीत हव्या त्या नावाची खूण घालता येते. माझी स्क्रिप्ट एफसिंक परतला की लगेच ‘पक्की-१७’ अशी खूण घालते. मग नियम सरळ होतो : ‘पक्की-१७’ पर्यंत किंवा त्याच्या पुढे कुठेही खेळवा, सतरा नंबरची फाइल पूर्ण मिळालीच पाहिजे. पहिली खूण फाइल सिस्टम बनवून झाल्यावर लगेच घाला, नाहीतर अर्धवट बनलेल्या फाइल सिस्टमवर दुरुस्ती चालवून तुम्ही उगाच घाबरून जाल. मी घाबरलो होतो. ‘सुपरब्लॉक सापडत नाही’, म्हणजे फाइल सिस्टमची मुख्य नोंदच नाही, असं ओळीने चाळीस वेळा बघितल्यावर कोणीही घाबरेल.

एक उणीव मात्र आहे. दोन फ्लशच्या मधल्या लेखनांची उलटापालट हे स्वतः करून बघत नाही. म्हणून शेवटच्या फ्लशनंतरची दोन-चार लेखनं मुद्दाम गाळून मी आणखी काही प्रती बनवतो. फेरीवरची गाडी आधी उतरण्याचा प्रकार तिथे तपासला जातो.

५. हाताने जखमा करा

क्रॅशमधून मिळणारी मोडतोड बहुधा जर्नलच सावरून घेतं. टूलच्या आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोचायचं तर स्वतः तोडायला हवं.

सुरुवात सुपरब्लॉकपासून करा. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक १०२४ व्या बाइटपासून सुरू होतो. तेवढा एक तुकडा डीडीने (बाइट कॉपी करणारी आज्ञा) शून्य करा आणि मग टूलला राखीव प्रत दाखवा. ४०९६ च्या ब्लॉकवर पहिली राखीव प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये असते.

सापळा : डीडीला ‘नोट्रंक’ सांगायला विसरलात तर तो प्रतिमेची (आपल्या खोट्या डिस्कची) फाइल लिहिल्या जागेपाशी कापून टाकतो. ५१२ एमबीची फाइल दोन केबीची होते आणि दुरुस्तीच्या टूलला शिव्या बसतात. आकार बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग डीबगएफएस. यातल्या ‘सीएलआरआय’ने एखादा आयनोड (एका फाइलीची नोंद) पुसा, आयनोडमधला लिंकचा आकडा बदला, वापरातला ब्लॉक मोकळा म्हणून दाखवा. नुसते बाइट उलटेपालटे करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी, कारण हल्लीच्या ईएक्सटी४ मध्ये मेटाडेटाला चेकसम असतो. बाइट उलटवला की चेकसम जुळत नाही आणि टूल पहिल्याच दारात चोर पकडतं. डीबगएफएस बहुतेक बदलांबरोबर चेकसमही नवा लिहितो, त्यामुळे खोटं खऱ्यासारखं दिसतं.

६. दुरुस्ती चालवा, पण या क्रमाने

मोडलेल्या प्रतिमेची आधी प्रत करा. प्रत्येक दुरुस्ती प्रतीवर. ई२एफएससीकेला ‘-झेड’ देऊन अनडू फाइलही ठेवता येते, पण प्रतीची सवय बरी.

‘-एन’ देऊन नुसतं बघायला गेलात तर ध्यानात ठेवा, त्यात जर्नल पुन्हा खेळवलं जात नाही. जर्नलमध्ये सुखरूप असलेल्या गोष्टीही चुका म्हणून दिसतात. हे बघून मी पहिल्या आठवड्यात ‘टूलमध्ये दहा दोष सापडले’ असं वहीत लिहिलं होतं. एकही नव्हता.

याच्या उलटा सापळा माउंटचा. ‘फक्त वाचनासाठी’ माउंट केलं तरी ईएक्सटी४ जर्नल खेळवून डिस्कवर लिहू शकते. पुरावा जसाच्या तसा बघायचा असेल तर ‘नोलोड’ही द्या.

मग ‘-एफ’ आणि ‘-वाय’ देऊन खरी दुरुस्ती. टूल पाच फेऱ्यांत जातं : आयनोड आणि ब्लॉक, डिरेक्टरींची रचना, डिरेक्टरी एकमेकींना जोडलेल्या आहेत का, लिंकांचे आकडे, आणि शेवटी गटवार बेरजा. कुठल्या फेरीत काय म्हणालं ते सगळं फाइलीत साठवा.

आणि परतीचा कोड बघा. ० म्हणजे चूक नाही, १ म्हणजे चुका दुरुस्त केल्या, २ म्हणजे रीबूट करा, ४ म्हणजे चुका उरल्या, ८ म्हणजे टूललाच चालताना अडचण आली. हे आकडे एकमेकांत मिळवलेले असतात, म्हणून १२ दिसला तर तो ४ आणि ८.

सापळा, आणि यात मी चार दिवस घालवले : टूलचा मजकूर पाइपने ‘टी’ला (मजकूर दाखवून फाइलीतही उतरवणारी आज्ञा) दिला की शेल तुम्हाला ‘टी’चा कोड सांगतं, टूलचा नाही. ‘टी’ बिचारा नेहमीच ० देतो. माझी सगळी चाचणी हिरवी दिसत होती. बॅशमध्ये ‘पाइपस्टेटस’ वाचा.

आता तेच टूल त्याच प्रतिमेवर दुसऱ्यांदा चालवा. या वेळी ० आलाच पाहिजे. एकदा दुरुस्त केल्यावर पुन्हा दुरुस्त करण्यासारखं काही सापडत असेल तर पहिली दुरुस्ती अर्धवट होती. ई२एफएसप्रॉग्जच्या स्वतःच्या चाचण्याही अशाच आहेत : एक मोडलेली प्रतिमा, पहिल्या फेरीचा अपेक्षित मजकूर, दुसऱ्या फेरीचा अपेक्षित मजकूर.

एक्सएफएसचं गणित वेगळं आहे. तिचं रिपेअर टूल लॉग (तिचं जर्नल) अपुरा राहिलेला असेल तर कामच करत नाही, आधी एकदा माउंट-अनमाउंट करून लॉग खेळवा असं सांगतं. मोठा ‘-एल’ देऊन लॉग पुसता येतो, पण त्यात ताजे बदल जातात. नवीन माणूस घाईत हाच पर्याय पहिल्यांदा देतो. शिवाय हे टूल दुरुस्ती पार पडली की चुका सापडल्या असोत वा नसोत, सहसा ० च परत देतं. चूक होती का हे ‘-एन’ने वेगळं विचारावं लागतं, तेव्हा ते १ देतं. ईएक्सटी४ साठी लिहिलेली गुण देणारी स्क्रिप्ट इथे डोळे मिटून लावू नका.

७. निकाल वाचताना

दुरुस्त झालेली प्रतिमा माउंट करा, तिच्यावर दोन फाइली लिहा, अनमाउंट करा, पुन्हा तपासा. मग वचनांची यादी काढा.

वचन दिलेली प्रत्येक फाइल नावासकट, मजकुरासकट हवी. नाव हरवून ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ मध्ये मिळाली तर तो अर्धा निकाल, तसंच लिहा. वचन न दिलेली फाइल नसली तरी चालेल, अपुरी असली तरीही, पण तिच्यात दुसऱ्याच फाइलीचा मजकूर आढळला तर सगळी कामं सोडून तो प्रकार बघा.

माझ्या वहीतली एक ओळ अशी : ‘पक्की-२३ नंतरचा फ्लश, पहिला कोड १, दुसरा ०, फाइल २३ आहे, २४ शून्य बाइट, २४ चं वचन नव्हतं. ठीक.’ हे ‘ठीक’ लिहिताना मित्राची उधारी आठवली. त्याच्या प्रोग्रॅमनेही वचन कधी घेतलंच नव्हतं. नवी फाइल वेगळ्या नावाने लिहून, एफसिंक करून मग जुन्या नावावर आणायची, एवढा बदल मी त्यात केला आणि तोच प्रोग्रॅम डीएम-लॉग-राइट्सवर चालवला. प्रत्येक टप्प्यावर उधारी एकतर जुनी पूर्ण होती, नाहीतर नवी पूर्ण. दुरुस्तीच्या टूलमध्ये त्या दिवशीही दोष नव्हता.

८. सापडलेली चूक कळवायची असेल तर

टूल कोसळलं, अडकून बसलं, किंवा ‘क्लीन’ म्हणाल्यावर माउंटच झालं नाही, तर ती प्रतिमा जपा. ई२इमेजच्या मोठ्या ‘-क्यू’ने ती क्यूकाउ२ स्वरूपात घेतली की कळवण्याजोगी लहान होते. सोबत द्यायचं ते असं :

- कर्नलची आणि टूलची नेमकी आवृत्ती
- फाइल सिस्टम बनवतानाचे सगळे पर्याय
- स्क्रिप्ट, सीड आणि खुणेचं नाव
- दोन्ही फेऱ्यांचा पूर्ण मजकूर आणि कोड

पाठवण्याआधी ताज्या आवृत्तीवर एकदा चालवून बघा. आणि स्क्रिप्टमधली कामं एकेक कमी करत जा. दोनशे कामांतून तीन उरली की समोरचा माणूस तुमची प्रतिमा त्याच दिवशी उघडून बघण्याची शक्यता बरीच वाढते.

मित्राने बॅटरी बदलली का, असं कोणीतरी विचारेलच. बदलली. पुढच्या चवथीला.